वाघाची पांदण

आपल्या गावात शेताला जायला पांदण असते. कुठे तिला पाणंद म्हणतात, कुठे शिवरस्ता म्हणतात. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. पावसाळ्यात तिच्यात गुडघ्याएवढा चिखल होतो. तरी ती वाट सगळ्यांना हवीच असते. कारण ज्याचं शेत मधोमध आहे, त्याच्या चारी अंगांना दुसऱ्यांची शेतं. त्याने बैल न्यावेत कुठून? पेरायचं कसं? पीक घरी आणायचं कसं?

आता समजा, एका वर्षी शेजाऱ्याने नांगर घातला आणि पांदण आपल्या शेतात मिळवून टाकली. काय होईल? भांडण होईल. तहसिलीत अर्ज जातील. मोजणीदार येईल, पंच येतील. माणसाला तोंड आहे, तो भांडतो. तलाठ्याकडे जातो, आमदाराकडे जातो.

पण रानातल्या जनावरांचीही अशी पांदण असते, आणि तीही मोडली जाते. त्यांनी कुठे अर्ज करायचा? या पाठात आम्ही त्या पांदणीची हकीकत सांगणार आहोत. सरकारी कागदात तिला 'भ्रमणमार्ग' असे नाव आहे. भ्रमण म्हणजे हिंडणे. जनावरे ज्या वाटेने एका रानातून दुसऱ्या रानात हिंडत जातात, तो भ्रमणमार्ग. आम्ही मात्र पांदणच म्हणू. तो शब्द आपल्या घरचा आहे.

रानाचे तुकडे कसे झाले

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी विदर्भात रान सलग होते. वर सातपुड्यापासून खाली गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत झाडीच झाडी. मध्ये गावे होती, शेते होती. पण ती रानात ठिगळासारखी होती. आज उलटे झाले आहे. शेते, गावे, शहरे सलग आहेत आणि रान ठिगळासारखे उरले आहे. एक तुकडा मेळघाटात, एक पेंचला, एक नवेगाव-नागझिऱ्याला, एक ताडोब्याला, एक टिपेश्वरला.

हे कुणी एकाने केले नाही. शेती वाढली, कारण माणसे वाढली. धरणे झाली, कालवे झाले. ते आपल्याला हवेच होते. कोळशाच्या खाणी निघाल्या. आगगाडीचा मार्ग गेला, विजेच्या तारा गेल्या. दुपदरी रस्ते चौपदरी झाले. एकेक काम वेगळे पाहिले तर त्यात वाईट काही नाही. पण सगळी मिळून पांदण मोडत गेली.

कालव्याचेच पाहा. आपल्याला कालवा म्हणजे पाणी. पण सिमेंटने बांधलेल्या मोठ्या कालव्याच्या कडा उभ्या आणि गुळगुळीत असतात. पाणी प्यायला उतरलेलं चितळ आत पडलं तर त्याला वर चढता येत नाही. खूर घसरतात. ते पोहत राहतं आणि शेवटी दमून बुडतं. थोड्या थोड्या अंतरावर उताराची फरशी केली, किंवा कालव्यावर माती टाकून रुंद पूल केला, तर ते वाचतं. खर्च फार नाही. पण आधी कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं.

वाघ घर सोडून का जातो

पुष्कळांना वाटते, वाघाला रानात खायला मिळत नाही म्हणून तो बाहेर पडतो. कधी कधी हे खरे असते. पण नेहमी नाही. रानात हरणे भरपूर असली तरी तरणा वाघ बाहेर पडतोच. त्याचे कारण समजून घेऊ.

वाघीण पिलांना साधारण दोन वर्षे सांभाळते. शिकार शिकवते. मग पिले वेगळी होतात. मादी पिलू पुष्कळ वेळा आईच्या शेजारीच आपला भाग धरते. नर पिलाला मात्र तिथे थारा नसतो. त्या रानात आधीच एक मोठा नर मालकी सांगत असतो. तो तरण्याला मारून हाकलतो, प्रसंगी जीवही घेतो. म्हणून तरण्याने निघायचे आणि नवे रान शोधायचे, ही वाघाची रीतच आहे.

आता थोडा हिशेब करू. एका नर वाघाला साधारण पन्नास ते शंभर चौरस किलोमीटर रान लागते. शिकार जास्त असेल तर कमी पुरते, कमी असेल तर जास्त लागते. एक चौरस किलोमीटर म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर. यवतमाळ जिल्ह्यातले टिपेश्वरचे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सदतीस हजार एकर. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो. पण वाघाच्या हिशेबाने ते दोन-तीन नरांचे वतन आहे. चौथ्याने काय करायचे?

त्या चौथ्याचीच गोष्ट आता ऐका. ती खरी आहे.

टिपेश्वरहून निघालेला वाघ

टिपेश्वरला टी-१ नावाची वाघीण होती. तिच्या एका पिलाचे नाव ठेवले होते टी-१ सी-१. नाव कसले, क्रमांकच तो. वनखात्यात वाघांना असे क्रमांक देतात. २०१९ च्या फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी या वाघाला गुंगीचे औषध देऊन त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला. त्या पट्ट्यात यंत्र होते. वाघ कुठे आहे ते आकाशातल्या उपग्रहाच्या मदतीने त्या यंत्रावरून कळते. आपल्या मोबाइलवर आपण कुठे आहोत ते दिसते ना, तसेच.

२०१९ च्या जूनअखेर, म्हणजे पेरणीच्या दिवसांत, वाघ निघाला. आधी तो दक्षिणेला तेलंगणातल्या आदिलाबादकडे उतरला. मग पैनगंगेच्या रानात आला. तिथून फिरत फिरत पश्चिमेला गेला. तो काही सरळ चालला नाही. पुढे जायचा, मागे यायचा, वळसा घ्यायचा. नवी सून दळण कुठे, पाणी कुठे हे पाहत घरभर फिरते, तसं त्याचं चाललं होतं. डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे काही महिने राहिला. २०२० च्या उन्हाळ्याच्या तोंडी पट्टा काढला, तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली होती. वाट महाराष्ट्र व तेलंगण मिळून सात जिल्ह्यांतून गेली. पट्ट्याने पाच हजारांवर ठिकाणे नोंदली होती.

तीन हजार किलोमीटर! पंढरीच्या वारकऱ्याने देहूपासून पंढरपूरला कितीदा जाऊन यावे, तेवढी ही चाल.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. हा वाघ नऊ महिने चालला, ते काही घनदाट रानातून नव्हे. कपाशी, तूर, सोयाबीन यांच्या शेतांतून तो चालला. नाले, ओढे, रस्ते ओलांडून, शेकडो गावांच्या शिवारांतून गेला. दिवसा झुडपात, नाल्याच्या कडेला निजून राहायचा. रात्री चालायचा. रानडुक्कर मारायचा, कधी कुणाचं गुरू मारायचा. पुष्कळ गावांना तर वाघ शिवारातून गेला हे कळलेच नाही. या सगळ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याचा एकच प्रसंग नोंदला आहे. तो झुडपात पडला होता, तिथे काही माणसे शिरली, आणि त्यांतला एक किरकोळ जखमी झाला.

म्हणजे जनावरांची पांदण ही काही कुंपण घातलेली सडक नसते, हे लक्षात घ्या. तिच्यात नाल्याकाठची झाडी असते, गायरान असते, पडीक माळ असतो, झुडपी जंगल असते आणि उभ्या पिकाचे शेतही असते. त्या वाटेवर वाघाचे घर नसते. रात्र काढावी, पाणी प्यावे आणि पुढे चालावे, एवढ्यापुरती ती जागा. वाघाला तिथे एवढेच हवे असते की आडोसा असावा आणि कुणी पाठीस लागू नये.

या वाघाचे पुढे काय झाले? ज्ञानगंगेत त्याला शिकार मिळाली, पाणी मिळाले. वाघीण मात्र मिळाली नाही. त्या रानात एकही वाघीण नव्हती. मादी दूर जात नाही, हे वर सांगितलेच. त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी की काय, असा विचारही तेव्हा झाला होता. ते घडले नाही. २०२१ साली तो आणखी पश्चिमेला, गौताळ्याच्या रानात दिसला. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे रान. तिथे कित्येक वर्षांत वाघ नव्हता. पायाने चालत वाघ तिथवर जाऊ शकतो, एवढे त्याने दाखवून दिले.

वळू बदलावा लागतो

कुणी म्हणेल, वाघ आहे त्या रानात राहिला आणि वाट बंद झाली, तर बिघडले काय? ज्याने गुरे पाळली आहेत त्याला याचे उत्तर सांगायला नको.

गावात एकच वळू वर्षानुवर्षे ठेवला, तर त्याच्याच कालवडींना तोच लागतो. मग काय होते? वासरे खुजी निघतात. कुणाला दूध कमी, कुणाच्या पायात खोट. म्हणून जाणती माणसे काही वर्षांनी वळू बदलतात. दुसऱ्या गावचा आणतात. सोयरीक जुळवताना आपण गोत्र-कुळी का पाहतो? जवळच्या रक्तात लग्न नको म्हणून. रानातल्या जनावरांमध्ये हे काम पांदण करते. एका रानातला तरणा नर दुसऱ्या रानात जातो, तिथल्या मादीशी त्याचा मेळ होतो, आणि रक्त ताजे राहते.

सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा या चार रानांतल्या वाघांची विष्ठा गोळा करून शास्त्रज्ञांनी त्यांची नाती तपासली आहेत. होय, विष्ठेवरूनही कोण कुणाचा हे सांगता येते. त्या अभ्यासाचे निबंध २०१३ साली छापून आले. या रानांमधल्या वाघांचा आपसात संबंध राहिला आहे, असे त्यांत दिसले. आणि जिथे मधली झाडी तुटत गेली, तिथे हा संबंध घटत चालल्याचेही दिसले.

वाट पुरती बंद झाली की काय होते, ते ओडिशात पाहायला मिळते. तिथे सिमलीपाल नावाचे मोठे रान आहे. ते बाकीच्या वाघांच्या रानांपासून तुटून पडले. तिथले वाघ आपसातच वाढले. आता त्यांच्यातले बरेच वाघ काळपट जन्मतात. अंगावरचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले, की वाघ काळाच दिसतो. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली याचे कारण सांगितले. थोड्याच वाघांचे रक्त पुन्हा पुन्हा एकत्र आल्यामुळे हे झाले. काळा वाघ पाहायला लोक गर्दी करतात. पण जाणत्याला त्यात धोक्याची खूण दिसते.

मग उपाय काय केला? २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या ताडोब्याहून दोन वाघिणी गाडीत घालून सिमलीपालला नेल्या. एकीचे नाव जमुना, दुसरीचे झीनत. विदर्भाच्या लेकी ओडिशाला नांदायला गेल्या म्हणा ना! पण झीनत काही तिथे रमेना. डिसेंबरात ती रान सोडून निघाली, झारखंडातून थेट पश्चिम बंगालमध्ये गेली. मागे वनखात्याची माणसे, पुढे वाघीण. गावोगाव घबराट. शेवटी २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला गुंगीचे औषध मारून पकडले आणि परत नेले. जे काम पांदण फुकटात करते, तेच माणसाने करायचे म्हटले तर केवढा खटाटोप पडतो पाहा. डॉक्टर, पिंजरे, गाड्या, आणि शेवटी वाघिणीची मर्जी!

सडकेखालची वाट

नागपूरहून उत्तरेला शिवनी-जबलपूरकडे मोठा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याचा आताचा क्रमांक ४४. हा रस्ता पेंचच्या रानातून जातो. त्याच रानातून पुढे कान्ह्याकडे जनावरांची जुनी वाट आहे. रस्ता चौपदरी करायचे ठरले, तेव्हा मोठा वाद झाला. झाडे तोडायची की नाही, रस्ता दुसरीकडून न्यायचा की नाही, यावर भांडण कोर्टात गेले. काही वर्षे काम अडले. प्रवासी खड्ड्यांतून जात राहिले आणि शिव्या देत राहिले. त्यांचाही दोष नव्हता.

शेवटी एक तोड निघाली. महाराष्ट्रातल्या सोळा किलोमीटरांच्या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलला. मोटारी वरून जायच्या, जनावरे खालून. यांतला सर्वांत रुंद पूल ७५० मीटरांचा आहे. म्हणजे पाऊण किलोमीटर! त्याच्या खाली जमीन तशीच ठेवली, गवत वाढू दिले.

पण जनावर खालून जाईल का? पुष्कळांना शंका होती. आम्हालाही होती. वरून ट्रकांचा धडधडाट, रात्री दिव्यांचा लखलखाट. म्हणून वन्यजीव संस्थेच्या लोकांनी २०१९ साली पुलांखाली आपोआप छायाचित्रे घेणारी यंत्रे लावली. मार्च ते डिसेंबर एवढ्या काळात वन्य जनावरांची ५,४५० छायाचित्रे मिळाली. अठरा जातींची जनावरे त्या वाटेने गेली. सर्वांत जास्त चितळे, त्यांच्या खालोखाल रानडुकरे. आणि वाघ? वाघांची ८९ वेळा नोंद झाली. पट्ट्यांवरून ओळखले तर ते अकरा निरनिराळे वाघ होते. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा ज्याचा त्याचा, तसेच वाघाचे पट्टे. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात.

जिथे असे पूल नाहीत, तिथली हकीकत वेगळी आहे. बोरच्या रानात बाजीराव नावाचा मोठा नामांकित वाघ होता. २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ मोटारीच्या धडकेने तो मेला. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली सापडले. सहा-सात महिन्यांची पिले. त्यांना रूळ काय आणि गाडी काय!

नागपूरपासून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्याचा पहिला टप्पा २०२२ साली खुला झाला, शेवटचा २०२५ साली. त्या रस्त्यावर जनावरांसाठी खालून वाटा केल्या आहेत, तसे काही ठिकाणी वरूनही पूल केले आहेत. पुलावर माती टाकून गवत आणि झुडपे लावली आहेत. रस्ता झाल्यावर पूल बांधणे महाग पडते. रस्ता आखतानाच नकाशावर पांदण दाखवली, तर काम स्वस्तात होते. देशातल्या वाघांच्या अशा ३२ मोठ्या वाटांचा नकाशा २०१४ सालीच छापला आहे. तो उघडून पाहण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

ज्यांच्या दारातून वाट जाते

इथवर वाघाची बाजू झाली. आता माणसाची बाजू. ती सांगितली नाही तर हा पाठ खोटा ठरेल.

पेंचच्या रानालगतच्या एका गावी आम्ही गेलो होतो. तिथे एक म्हातारे गुराखी भेटले. आम्ही त्यांना भ्रमणमार्गाची माहिती सांगू लागलो. त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "भाऊ, वाघाले रस्ता पाहिजे हे मले सांगता? मी जलमभर त्याच रस्त्यानं गुरं चारली. वाघ का मोटारीत बसून येते? पण माही गाय नेली तवा कागद करता करता सहा महिने गेले. वाघाचा रस्ता तुमच्या ध्यानात येते, माहा रस्ता कोन पाहीन?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

आणि गायीवरच भागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदूपत्त्याचा हंगाम थोडक्या दिवसांचा. त्या पैशावर घराचे पुढचे कितीतरी भागायचे असते. पहाटे रानात जाऊ नका, असे सांगणे सोपे आहे. पण पत्ता पहाटेच तोडायचा, ऊन चढले की काम होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ नुसते ताडोब्यात नाहीत, ब्रह्मपुरीकडच्या गावांलगतच्या रानातही पुष्कळ आहेत. तिथे पांदण आणि गावची वाट एकच झाली आहे. वाघ वाचवा, असे शहरातला माणूस म्हणतो. त्याची किंमत गावातला माणूस देतो. हे आम्हाला नीट वाटत नाही, आणि तसे स्पष्ट लिहायला आम्हाला संकोच नाही.

म्हणूनच भरपाई ही कुणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्रात २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देण्याचे ठरले आहे. त्यांतले काही हाती मिळतात, बाकीचे वारसांच्या नावाने बँकेत ठेवतात. जखमी माणसाला मदत मिळते. गुरे मेली, पीक गेले, तरी मदत मिळते. पण त्यासाठी काही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. गुरू मेले की त्याला हलवू नका. पुरू नका, ओढून नेऊ नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवा. तो येईल, पंचनामा करील. पंचनाम्यावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो वाचून घ्या. तुम्हाला आता वाचता येते. गुराची किंमत किती लिहिली, तारीख बरोबर आहे का, हे स्वतः पाहा आणि अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा. त्या म्हाताऱ्या बाबांचे सहा महिने का गेले, तर पहिल्या कागदावर तारीख चुकली होती. ती कुणीच वाचली नव्हती.

मेलेले जनावर न हलवण्याचे आणखी एक कारण आहे. वाघाला आपली शिकार पुरी खायची असते. ती हिसकावली तर तो दुसरी करतो. आणि रागाने कुणी मेलेल्या गुरावर विष घातले, तर वाघ मरतोच, पण गावची कुत्री, घारी, कावळेही मरतात.

तारेविषयी दोन शब्द. रानडुकरे आणि रोही पीक खातात, म्हणून काही शेतकरी रात्री कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडतात. पीक डोळ्यांदेखत जाते तेव्हा माणसाला काय वाटते ते आम्ही जाणतो. पण ही तार डुक्कर ओळखत नाही, वाघ ओळखत नाही आणि माणूसही ओळखत नाही. नागझिऱ्याहून चालत उमरेड-करांडल्याच्या रानात आलेल्या जय नावाच्या वाघाची पुष्कळ कीर्ती झाली. त्याचाच एक मुलगा, श्रीनिवास, २०१७ साली नागभीड भागात अशा तारेला चिकटून मेला. आणि अशाच तारेला चिकटून रात्री पाणी द्यायला गेलेले शेतकरीही मेले आहेत. कधी शेजारचा, कधी घरचाच. थेट विजेऐवजी सौर कुंपण लावता येते. लोक त्याला झटका मशीन म्हणतात. त्याचा झटका क्षणभर बसतो, जनावर दचकून मागे फिरते, पण मरत नाही. राखीव रानालगतच्या गावांना वनखात्याच्या जनवन योजनेतून त्याला मदत मिळते. ग्रामसभेत विचारा. आपले गाव योजनेत आहे की नाही, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि गावातल्या पडीक जमिनीकडे एकदा निराळ्या नजरेने पाहा. विदर्भात सातबाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी 'झुडपी जंगल' अशी नोंद असते. काट्याकुट्यांची, बोरी-बाभळींची, कुणाच्या कामाची नसलेली जमीन असे आपण समजतो. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन वनच मानली. टिपेश्वरचा वाघ दिवसा जिथे निजून राहिला, ती जागा अशीच होती. नाल्याकाठची झाडी तोडली नाही, तर जनावर नाल्यानाल्याने जाते. तोडली, तर ते शेतातून आणि मग गोठ्याजवळून जाते.

त्या गावातून निघायला आम्हाला संध्याकाळ झाली. बाबांनी गुरे एकत्र केली होती. पुलापलीकडे हिरवा चारा होता, पण ते गुरे तिकडे नेत नव्हते. आम्ही विचारले, "का हो बाबा?"

"दिवस बुडाला," ते म्हणाले. "आता थो रस्ता त्यायचा. सकाळी माहा."

आणि गुरांना हाकारत ते पांदणीने घरी निघाले.